जामच्या काठाने नागपूर

पांढुर्ण्याहून नागपूरला सायकलने जायचे तर सरळ वाट महामार्गाची आहे. सावनेर गाठायचे आणि तिथून शहर. तरीही या भागात वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या मोसमांत सायकल चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की हा टप्पा सौंसरवरून करावा. आधी जाम नदीच्या खोऱ्याने पूर्वेकडे जावे, मग कन्हान डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे उतरावे. अंतर वाढते. एकूण शंभर-एकशे दहा किलोमीटर होतात आणि दिवस पुरतो न पुरतो अशी वेळ येते. पण या वाटेने गेलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, जी सरळ रस्ता सांगत नाही. नागपूर त्याच्या नाक्यापाशी सुरू होत नाही. त्याचे पाणी, त्याची संत्री, त्याची बोली आणि ते वसवणारा राजा हे सगळे वरच्या खोऱ्यातून खाली आलेले आहे. त्यामुळे खरे नागपूर सातपुड्याच्या पायथ्याशीच लागते, आणि सायकलवाला दिवसभर त्या शहरातूनच प्रवास करत असतो. हे विधान मोठे वाटेल, म्हणून त्याचे पुरावे आणि त्यावरचे आक्षेप दोन्ही मांडतो.

नदीकाठच्या टप्प्याचे सायकलवाल्यांच्या मनात एक ठरलेले चित्र असते आणि ते फ्रान्सहून आलेले आहे. ल्वार नदीच्या काठाने अटलांटिक महासागरापर्यंत जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा खुणा लावलेला सायकलमार्ग आहे. त्या खोऱ्याचा मोठा भाग २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. द्राक्षमळे, वाडे, चर्चची टोके, उजवीकडे संथ पाणी आणि संध्याकाळी ऑर्लेआँसारखे जुने शहर, जिथे १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कने इंग्रजांचा वेढा उठवला. टूर द फ्रान्सच्या वेळी हेलिकॉप्टरमधून दाखवतात ते हेच दृश्य. पण तो मार्ग इतका सपाट का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर सायकलीत नाही, पुरात आणि होड्यांत आहे. पुरापासून शेते वाचवायला तिथे शतकानुशतके काठाने मातीचे लांबच लांब बांध घालत आले, आणि नदीतून मालाच्या नावा चालत असल्याने काठाने सलग वाट ठेवण्याची गरज होती. आज सायकली धावतात त्या अनेक ठिकाणी हाच जुना बांध आहे. म्हणजे नदीकाठची सपाट वाट ही निसर्गाची देणगी नाही, त्या नदीशी माणसांनी केलेल्या व्यवहाराचा तो अवशेष आहे. हे ध्यानात न घेता तेच चित्र मनात धरून जो पांढुर्ण्याहून निघतो, त्याचा पहिल्या दहा किलोमीटरांतच हिरमोड होतो.

कारण जाम आणि कन्हान या होड्या चालणाऱ्या नद्या नाहीत. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात खडक, डोह आणि वाळू. त्यांच्या काठाने माल ओढत नेण्याची गरज कुणाला पडली नाही, त्यामुळे सलग बांध नाही आणि काठाची वाटही नाही. गावे नदीपासून थोडी वर, पूर पोहोचणार नाही अशा दरडीवर बसलेली. रस्ता गावे जोडत जातो, त्यामुळे तो नदीला समांतर असूनही नदीपासून दूर राहतो आणि नदीला मिळणारा प्रत्येक नाला ओलांडतो. इथे या टप्प्याचे सगळे शरीरशास्त्र आहे. पांढुर्णा समुद्रसपाटीपासून साधारण पावणेपाचशे मीटर उंचीवर, नागपूर सव्वातीनशेच्या आत. कागदावर हा शंभर किलोमीटरचा उतार आहे, दर किलोमीटरला दीडेक मीटर. प्रत्यक्षात तो उतार नाल्यांनी तुकडे तुकडे केलेला आहे. नाल्यात शिरताना उतार, तळाशी रपटा किंवा छोटी मोरी, आणि पुन्हा तेवढाच चढ. एकेक चढ किरकोळ असतो, मोजायलाही नको वाटतो. असे कित्येक चढ झाल्यावर मांड्या त्यांचा हिशेब मागतात.

या वाटेवर जी चूक पुन्हा पुन्हा पाहायला मिळते ती या हिशेबाचीच आहे. शहरातून आलेला, चांगल्या गिअरची हलकी सायकल असलेला तरणाबांड स्वार सकाळच्या गारव्यात पहिला टप्पा ताशी पंचवीसच्या वेगाने मारतो. उतार आहे म्हणून पायडल जोरात, चढ छोटा आहे म्हणून गिअर न बदलता उभे राहून पार. सौंसरला पोहोचतो तेव्हा खूश असतो. सातनूरच्या आसपास, दुपार चढल्यावर, त्याच स्वाराला एका क्षुल्लक नाल्याच्या चढावर उतरून सायकल ढकलावी लागते. त्याच चढावर दुधाच्या कॅन लटकवलेल्या जुन्या काळ्या सायकलवरचा साठीचा माणूस मात्र शांतपणे निघून जातो, कारण त्याने नाल्यात उतरताना ब्रेक लावलेला नसतो आणि चढताना जोरही लावलेला नसतो. आलेला वेग त्याने वाया जाऊ दिलेला नसतो, बस. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा म्हणून जो शिष्टाचार जगभर मान्य आहे, तोही हेच सांगतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ मध्ये सुरू झालेली बाराशे किलोमीटरची फेरी नव्वद तासांत पुरी करायची असते. आपल्याकडे नागपूरसह अनेक शहरांत होणाऱ्या दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे अशाच वेळ ठरवून दिलेल्या फेरीला, साडेतेरा तास मिळतात. हिशेब केला तर ताशी पंधरा किलोमीटरही पडत नाहीत, आणि त्यात चहा, पंक्चर, जेवण सगळे आले. हा वेग कमी वाटतो, पण तो दिवसभर टिकवणारे थोडेच असतात. माझ्या मते या खोऱ्याने शिकवलेला पहिला मोठा धडा हाच: सरासरी पाहून जो चालवतो तो नाल्यांत हरतो.

आता साहजिक आक्षेप येतो. नदी दिसतच नसेल तर हा नदीकाठचा टप्पा कसला? याला माझे उत्तर असे की नदी पाण्यातच पाहायची असते हा समज चुकीचा आहे. जामचे खोरे सुरू झाल्याचे मातीवरून कळते. उंचवट्यावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या हलक्या-मध्यम जमिनीत संत्र्याच्या बागा, खालच्या खोल काळ्या जमिनीत पऱ्हाटी आणि तूर. नाला जवळ आला की विहिरी आणि बागा दोन्ही दाट होतात. जानेवारीच्या अखेरीस आंबिया बहराची फुले उमलू लागतात तेव्हा नाल्यात उतरताना वास दाट होतो आणि चढून वर आले की विरळ. डोळे मिटूनही कळावे की पाणी कुठे आहे. मे महिन्यात मृग बहरासाठी पाणी तोडून ताण दिलेल्या बागा पाने मिटून उभ्या असतात, तेव्हा पाणी नसण्याचीही खूण तितकीच स्पष्ट असते. पांढुर्ण्यात जामचे नाव देशभर पोहोचले ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. दरवर्षी माणसे जखमी होतात आणि बातमी तेवढीच होते. ती एक दिवसाची जाम. उरलेले वर्ष ती बागांना पाणी देते आणि पुढे सौंसरजवळ जामसावळीच्या निद्रिस्त हनुमानाला आपले नाव देते, जिथे मंगळवारी-शनिवारी नागपूरकडून येणाऱ्यांची रीघ असते. या रस्त्यावर शनिवारी सायकल चालवणाऱ्याला नागपूरची गाडी सौंसरच्याही आधी भेटू लागते, हा माझ्या म्हणण्याचा एक लहानसा पुरावा.

जमिनीखालीही तेच. भूगर्भशास्त्रात ‘सौंसर गट’ नावाचा अतिप्राचीन रूपांतरित खडकांचा एक समूह आहे. सौंसरचे नाव मिळालेल्या या खडकांची पट्टी नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत जाते, आणि मॅंगनीजच्या खाणी याच पट्टीवर आहेत. त्यातल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हणतात. या खाणींचा मोठा सरकारी कारभार नागपुरातून चालतो. म्हणजे एका तहसिलीच्या गावाचे नाव घेतल्याशिवाय नागपूरच्या पायाखालचा खडक सांगता येत नाही.

सातनूरनंतर राज्याची हद्द लागते. मोटारीतून ती एक कमान आणि नाका एवढीच दिसते. सायकलवरून ती वेगळी दिसते, कारण आजूबाजूला काय बदलले आणि काय नाही हे मोजायला वेळ असतो. पाट्या बदलतात. ‘थाना’चे पोलीस स्टेशन होते, ‘तहसील’चा तालुका होतो, ‘आंगनवाड़ी’ची अंगणवाडी होते. डांबर बदलते. पण टपरीवर विचारला जाणारा प्रश्न तोच राहतो: कुठी चालले जी? त्या ‘जी’मध्ये असलेला मान आणि ‘कुठी’मधला सूर पांढुर्ण्यापासून सावनेरपर्यंत एकच आहे. याला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरचे मराठी बोलणारे लोक नव्या मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, आणि जिल्ह्याचे काम जवळ आले ही चांगलीच गोष्ट आहे. तरी मोठ्या दवाखान्यासाठी, घाऊक बाजारासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी पाय अजून दक्षिणेकडेच वळतात. कुणी म्हणेल, हा सीमाभागाचा नेहमीचा सूर झाला. मला इथे कुठलीही मागणी मांडायची नाही. मी एवढेच म्हणतो की पाणी, पीक आणि बोली या तिन्ही गोष्टी खोऱ्याच्या उताराने चालतात, आणि सायकलही तशीच चालते, म्हणून सायकलस्वाराला हद्दीपेक्षा खोरे जास्त खरे वाटते.

आणि शहराचा जन्मही याच उताराने झालेला आहे. कन्हानच्या वरच्या खोऱ्यात देवगडचा किल्ला आहे. तिथला गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १७०२ च्या सुमारास, डोंगर उतरून मैदानातल्या बारा वाड्या एकत्र केल्या आणि नागपूर वसवले. भोसले नंतरचे, इंग्रज त्याहून नंतरचे. ऑर्लेआँसारखे शहर नदीवर बसले आणि नदीच्या व्यापारावर मोठे झाले. नागपूर कन्हानवर बसलेले नाही. कन्हान त्याच्या उत्तरेने कामठीकडे निघून जाते. पण शहर वसवणारी सत्ता त्या नदीच्या खोऱ्यातून आली आणि आज पिण्याचे पाणी कन्हान आणि तिची उपनदी पेंच यांचेच आहे. २०१९ च्या जुलैत पेंचचे धरण आटले तेव्हा नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. त्या वेळी शहरातल्या माणसाला चौराईच्या धरणाचे नाव कळले, जे छिंदवाडा जिल्ह्यात, वरच्या अंगाला आहे. वरच्या गावात अडवलेल्या पाण्याचा संबंध आपल्या नळाशी आहे हे टंचाईने शिकवले. हा टप्पा तेच टंचाईविना शिकवतो.

सावनेरनंतर हे आणखी उघड होते. महामार्ग सोडून खाप्याकडे वळले की विणकरांचे जुने गाव लागते आणि कन्हान प्रत्यक्ष भेटते, रुंद वाळूचे पात्र आणि कडेला पाण्याची धार. पुढे खापरखेडा आणि कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या दिसू लागतात. त्या जवळ वाटतात आणि तासभर जवळ येत नाहीत. थकलेल्या स्वाराला या टप्प्यात सर्वांत जास्त त्रास कशाचा होत असेल तर या न सरणाऱ्या चिमण्यांचा. २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख कोलार आणि कन्हानच्या पाण्यात गेली. वरून स्वच्छ येणारी नदी शहराजवळ काय काय अंगावर घेते हे इथे डोळ्यांनी दिसते. शहरातली नाग नदी तर आपले सांडपाणी घेऊन पुढे कन्हानलाच मिळते. नदीकाठचा टप्पा सुंदर असलाच पाहिजे असे मानणाऱ्यांना हा भाग नको असतो, ते सावनेरपासून टेम्पोत सायकल टाकतात. मला ते पटत नाही. ल्वारच्या काठालाही अणुऊर्जा केंद्रे आहेतच, छायाचित्रांत ती येत नाहीत एवढेच. वीज आणि पाणी हे शहराचे व्यवहार वगळून जो शहरात शिरतो, त्याने शहराचा दर्शनी भाग पाहिला असे म्हणावे लागेल.

राहतात ते व्यावहारिक आक्षेप, आणि ते हलके नाहीत. पहिला, हेच सगळे मोटारीतून का पाहू नये? कारण दर किलोमीटरला दीड मीटरचा उतार मोटारीला कळत नाही आणि नाल्याचा चढ तर अजिबात नाही. या प्रदेशाची रचनाच त्या चढउतारांत असल्याने जे वाहन ते पुसून टाकते ते प्रदेशही पुसते. दुसरा आक्षेप जीवाचा. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीपासून पुढे ट्रक सलग चालतात आणि सगळीकडे पुरेशी कड नाही. यावर युक्तिवाद करून धोका कमी होत नाही. शहाणपण एवढेच की पहाटे अंधारात निघण्याचा मोह टाळावा, उजाडल्यावर निघावे, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, आणि पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. घोटाभर पाणी काय करणार, असे म्हणून उतरलेले लोक वाहून गेल्याच्या बातम्या या भागात जवळजवळ दर पावसाळ्यात येतात. तिसरा आक्षेप उन्हाचा. नागपूरच्या पाऱ्याने २०१३ च्या मेमध्ये ४७.९ अंश गाठले होते. हा टप्पा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, यात दुमत नसावे. त्या दिवसांत वारा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो, म्हणजे दक्षिणेकडे उतरताना तो पाठीवर नाहीतर डाव्या खांद्यावर राहतो.

आणखी एक आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इथे सायकल चालवणे हा छंद असणे ही चैन आहे, असे कुणी म्हणाले तर ते खोटे नाही. या रस्त्यांवरचे खरे सायकलस्वार म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या योजनेतून मिळालेल्या सायकलींवर शेजारच्या गावच्या शाळेत जाणारी मुले-मुली, दूधवाले, बागेत रोजाने जाणारी माणसे. त्यांच्यासाठी नालाच घाट असतो. छंदाने जाणाऱ्याने त्यांच्याकडून शिकावे आणि रस्त्याबद्दल जे मागायचे ते त्यांच्यासाठी मागावे, मग आपली सोय आपोआप होते. फ्रान्समध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा केल्या आहेत, म्हणून इथेही लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत जाणाऱ्या जुन्या छोट्या गाडीच्या वाटेकडे काही जणांचे लक्ष गेले होते. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि तिथे ब्रॉडगेज आली. ते योग्यच झाले. या खोऱ्याला सायकलवाटेपेक्षा मोठ्या गाडीची गरज कितीतरी जास्त होती, आणि आता सायकल घेऊन थकलेल्या स्वारालाही परतीचा विचार करताना रेल्वेचा आधार वाटतो.

टप्पा कुठे संपवायचा यावरही मतभेद आहेत. बहुतेकांना झिरो माइलचा दगड हवा असतो, कारण तिथे छायाचित्र छान येते. पण तो दगड इंग्रजांच्या मोजणी खात्याचा, आणि या वाटेने आलेल्याचा मोजणीशी संबंध कमी. मानकापूर, सदर मागे टाकून, सीताबर्डीची टेकडी ओलांडून महालात यावे, शुक्रवारी तलावाच्या काठाने जुम्मा दरवाजापाशी थांबावे. तलाव आणि कोट बख्त बुलंदच्या वारसाच्या, चांद सुलतानच्या काळातले. देवगडहून उतरलेल्या लोकांनी इथे पहिली वेस बांधली, त्यामुळे वरून आलेल्याला तीच शोभते. शेवटचे पाच-सहा किलोमीटर सिग्नल, ऑटो आणि बाजार यांतून काढायला कधी कधी तास लागतो, आणि तेव्हा घाई केली तर दिवसभराची सावधगिरी वाया जाते. महालाच्या अरुंद गल्ल्यांत सायकल हातात धरून चालणे हेच बरे.

या वाटेसाठी मागायचेच झाले तर माझी यादी छोटी आहे. बोरगाव ते सावनेर रस्त्याला दोन्ही बाजूंनी सायकल मावेल एवढी पक्की कड. रपट्यांना कठडे आणि पाण्याची उंची दाखवणारे रंगवलेले खांब. शाळेच्या वाटेवर जिथे मुले महामार्ग ओलांडतात तिथे वेग अडवणारे काहीतरी. आणि प्रत्येक नाल्यावर त्याच्या नावाची पाटी. आज मोठ्या पुलांवर नदीचे नाव असते आणि नाले निनावी राहतात, पण काठच्या शेतकऱ्याला विचारले तर त्याला नाव लगेच सांगता येते, कुठल्या विहिरीपासून तो सुरू होतो आणि कुठे जामला मिळतो हेही. ती पाटी हद्दीच्या अलीकडे लिहिली काय किंवा पलीकडे, नाव देवनागरीतच असेल आणि वाचणाऱ्याला ते सारखेच ऐकू येईल.